आकाशात अंतर कोणी राखायचे?

7 डिसेंबर 1944 रोजी शिकागो येथे स्वाक्षऱ्या झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराने पहिल्याच कलमात प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील हवाई क्षेत्रावर संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व असल्याचे मान्य केले. या अधिकाराबरोबर एक कर्तव्यही आले: विमानतळ, दळणवळण, हवामानाची माहिती आणि मार्गदर्शन यांची सोय प्रत्येक राष्ट्राने आपल्या हद्दीत शक्य तितकी करावी, असे त्याच कराराने सांगितले. त्यातून 1947 साली अस्तित्वात आलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजेच ‘आयकाओ’ने, कराराच्या परिशिष्टांमधून तपशीलवार नियम घडवले; त्यांपैकी दुसरे परिशिष्ट उड्डाणाचे नियम सांगते, तर अकरावे परिशिष्ट हवाई वाहतूक सेवांचे स्वरूप ठरवते. भारतात नियमांचा अंमल नागरी विमान वाहतूक महासंचालनालय पाहते आणि सेवा देण्याचे प्रत्यक्ष काम मुख्यत्वे 1 एप्रिल 1995 रोजी स्थापन झालेल्या भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे.

वैमानिकाचा परवाना मिळवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हा विषय प्रथम व्याख्यांची, आद्याक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक यादी म्हणून भेटतो आणि परीक्षेपुरती ती यादी पाठ करण्याकडे साहजिकच कल होतो. परंतु या साऱ्या मांडणीच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: आकाशातल्या एखाद्या ठिकाणी, एखाद्या क्षणी, दोन विमानांमध्ये अंतर राखण्याची जबाबदारी कोणाची? हवाई क्षेत्राचे प्रकार, त्यांचे वर्ग, उंचीचे नियम आणि रेडिओवरील ठरावीक बोली या सर्वांकडे या प्रश्नाची उत्तरे म्हणून पाहिले, की विखुरलेले नियम एकमेकांना जोडलेले दिसू लागतात.

तीन सेवा

जे. आर. डी. टाटा 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे उतरले तेव्हा त्यांच्या लहानशा पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता; वाट शोधणे, हवामान ओळखणे आणि दुसरे विमान दिसल्यास त्याला टाळणे हे सर्व वैमानिकानेच करायचे होते. विमानांची संख्या आणि वेग वाढत गेले तशी ही कामे एकट्या वैमानिकाच्या आवाक्याबाहेर गेली आणि त्यांतील काही जमिनीवरील यंत्रणेने उचलली. या यंत्रणेला एकत्रितपणे हवाई वाहतूक सेवा म्हणतात आणि तिचे तीन भाग मानले जातात.

पहिली सेवा हवाई वाहतूक नियंत्रणाची. विमानांची एकमेकांशी टक्कर होऊ न देणे, धावपट्टी आणि टॅक्सीवेच्या परिसरात विमान कोणत्याही अडथळ्यावर आदळू न देणे आणि वाहतूक शिस्तीत व विनाविलंब चालू ठेवणे ही तिची उद्दिष्टे आहेत. या सेवेत विमानतळावरील टॉवर डोळ्यांसमोरच्या धावपट्टीची आणि जवळच्या आकाशाची काळजी घेतो, अॅप्रोच नियंत्रण येणाऱ्या विमानांना रांगेत आणते व निघालेल्यांना मार्गाला लावते आणि दोन शहरांमधील लांबच्या पल्ल्यावर एरिया कंट्रोल लक्ष ठेवते. दुसरी सेवा उड्डाण माहितीची आहे; तिच्यात हवामान, बंद पडलेली दिशादर्शक यंत्रे, विमानतळांची स्थिती आणि आसपासची ज्ञात वाहतूक यांची माहिती दिली जाते, मात्र त्या माहितीचे काय करायचे हे वैमानिकच ठरवतो.

तिसरी सेवा इशाऱ्याची. विमान संकटात असल्याची शंका येताच शोध आणि बचाव यंत्रणेला कळवणे हे तिचे काम असून त्यासाठी अनिश्चितता, सावधानता आणि संकट असे तीन टप्पे आखलेले आहेत. अपेक्षित वेळेनंतर तीस मिनिटांत विमानाकडून संदेश आला नाही, तर अनिश्चिततेचा टप्पा सुरू होतो. उतरण्याची परवानगी मिळालेले विमान ठरलेल्या वेळेनंतर पाच मिनिटांत उतरले नाही आणि त्याच्याशी संपर्कही झाला नाही, तर सावधानतेचा. म्हणूनच टॉवर नसलेल्या धावपट्टीवर सुखरूप उतरल्यानंतर उड्डाण संपल्याचे संबंधित केंद्राला कळवण्याचा विसर पडलेला विद्यार्थी नकळत बचाव यंत्रणेला कामाला लावू शकतो.

क्षेत्रांची रचना

जगातील हवाई क्षेत्र उड्डाण माहिती क्षेत्रांमध्ये वाटलेले आहे. भारतात मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशी चार क्षेत्रे असून गुवाहाटीचे एक उपक्षेत्र आहे. मुंबईच्या क्षेत्रात महाराष्ट्राच्या भूमीबरोबरच अरबी समुद्राचा फार मोठा भाग येतो. खुल्या समुद्रावर कोणत्याही राष्ट्राचे सार्वभौमत्व नसते; तरीही आखाती देशांकडे किंवा आफ्रिकेकडे जाणाऱ्या विमानांना तेथे सेवा देण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय सहमतीने भारताने स्वीकारली आहे. क्षेत्राच्या या सीमा सेवेच्या सोयीने आखलेल्या असल्यामुळे त्या राष्ट्रांच्या राजकीय सीमांशी जुळतीलच असे नाही.

या विस्तृत क्षेत्रांच्या आत नियंत्रित भाग कोरलेले असतात. विमानतळाभोवती थेट जमिनीपासून वर ठरावीक उंचीपर्यंत जाणाऱ्या भागाला कंट्रोल झोन म्हणतात; विमान उतरण्याच्या दिशांना तो विमानतळाच्या मध्यापासून किमान पाच सागरी मैल, म्हणजे सुमारे सव्वानऊ किलोमीटर, पसरलेला असावा असा दंडक आहे. कंट्रोल एरिया जमिनीला टेकत नाही. त्याचा तळ जमिनीपासून किमान 700 फूट वर असतो आणि त्याखालून नियंत्रणाबाहेरचे उड्डाण करता येते. मोठ्या विमानतळांपाशी जेथे अनेक हवाई मार्ग येऊन मिळतात तेथे टर्मिनल कंट्रोल एरिया आखला जातो.

मुंबईच्या आकाशात ही गुंतागुंत जवळून पाहता येते. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी स्वतंत्रपणे वाहतूक चालवता येत नाही आणि प्रत्येक उड्डाणाला व अवतरणाला मोजून वेळ द्यावी लागते. तेथून काही किलोमीटरवरच जुहूचा जुना विमानतळ असून मुंबई हायच्या तेलफलाटांकडे जाणारी हेलिकॉप्टर तेथून ये-जा करतात; त्यांना कमी उंचीचे ठरावीक मार्ग आखून दिल्याखेरीज मोठ्या विमानांच्या वाटेत न येता हा व्यवहार चालणार नाही. त्यातच ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि मलबार हिलवरील पारशी समाजाचे दोख्मे यांच्यावरून उड्डाणास मनाई आहे. अशा प्रतिबंधित भागांखेरीज अटींवर प्रवेश देणारे निर्बंधित भाग आणि गोळीबाराच्या सरावासारख्या कारणांमुळे विशिष्ट वेळी धोकादायक ठरणारे भागही नकाशावर दाखवलेले असतात.

नियंत्रक सर्वत्र नागरी सेवेतीलच असतो असेही नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर वाहतुकीचे नियंत्रण हवाई दलाकडे आहे, गोव्याच्या दाभोळीला ते नौदलाकडे आहे आणि तेथील लष्करी सरावाच्या वेळा नागरी उड्डाणांना पाळाव्या लागतात.

वर्ग आणि जबाबदारी

उड्डाणाचे नियम दोन प्रकारचे आहेत. बाहेर पाहून, क्षितिजाच्या आणि जमिनीवरील खुणांच्या आधारे केलेल्या उड्डाणाला दृश्य नियम लागू होतात. विमानातील उपकरणांवर विसंबून, ढगातूनही करता येणाऱ्या उड्डाणाला उपकरण नियम लागू होतात. रेडिओवर आणि वर्गात त्यांना अनुक्रमे ‘व्हीएफआर’ आणि ‘आयएफआर’ असेच म्हणतात. कोणत्या क्षेत्रात यांपैकी कोणाला प्रवेश आहे आणि कोणाला कोणापासून वेगळे ठेवायचे आहे, हे सांगण्यासाठी आयकाओने ‘ए’ ते ‘जी’ असे सात वर्ग केले. त्यांपैकी पहिले पाच नियंत्रित आहेत.

‘ए’ वर्गात फक्त उपकरण नियमांची उड्डाणे होतात आणि नियंत्रक सर्वांना एकमेकांपासून वेगळे ठेवतो. ‘बी’ वर्गात दोन्ही प्रकारांना प्रवेश असतो आणि तेथेही सर्वांमधील अंतराची जबाबदारी नियंत्रकाचीच असते. ‘सी’ वर्गात उपकरण नियमांच्या विमानांना सर्वांपासून वेगळे ठेवले जाते, मात्र दृश्य नियमांच्या दोन विमानांना परस्परांची केवळ माहिती दिली जाते. ‘डी’ वर्गात जबाबदारी आणखी सरकते: सर्वांना नियंत्रकाची परवानगी आणि रेडिओसंपर्क सक्तीचा असला, तरी हवेतील अंतर फक्त उपकरण नियमांच्या विमानांमध्येच राखले जाते आणि दृश्य नियमांच्या विमानाला इतर वाहतूक कोठे आहे एवढे सांगितले जाते. ‘ई’ वर्ग नियंत्रित म्हणवला जातो, तरी दृश्य नियमांच्या विमानाला तेथे परवानगीशिवाय शिरता येते. ‘एफ’ वर्गात सल्ला मिळतो, ‘जी’ वर्गात माहिती. नियंत्रण दोन्हीकडे नाही.

शिकाऊ वैमानिकाची सर्वांत मोठी गफलत येथेच होण्याचा संभव असतो. भारतात विमानतळांभोवतीच्या नियंत्रित क्षेत्रासाठी प्रामुख्याने ‘डी’ वर्गाची पद्धत रूढ आहे आणि विद्यार्थ्याची सुरुवातीची उड्डाणे दृश्य नियमांनी होतात. टॉवरशी बोलणे चालू आहे, परवानगी मिळाली आहे, तेव्हा दुसऱ्या विमानापासून आपल्याला टॉवरच वाचवील, अशी समजूत तो करून घेतो. प्रत्यक्षात धावपट्टीचा ताबा कोणाला कधी द्यायचा हे टॉवर ठरवत असला, तरी हवेत दुसरे विमान शोधून त्याला टाळणे हे विद्यार्थ्याचेच काम राहते.

डोळ्यांवरच्या या जबाबदारीला निसर्गाच्या मर्यादा आहेत आणि दृश्य उड्डाणाचे किमान निकष त्या मर्यादांतूनच आले आहेत. नियंत्रित क्षेत्रात 10,000 फुटांखाली किमान पाच किलोमीटर दृश्यता, ढगांपासून आडवे 1,500 मीटर आणि उभे 1,000 फूट अंतर, तर 10,000 फूट आणि त्यावर आठ किलोमीटर दृश्यता आवश्यक धरली जाते. ताशी 180 किलोमीटर वेगाची दोन प्रशिक्षण विमाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातील अंतर सेकंदाला शंभर मीटर घटते आणि पाच किलोमीटर संपायला पन्नास सेकंद लागतात. ताशी 900 किलोमीटर वेगाच्या दोन जेट विमानांना तेवढ्याच अंतरासाठी दहा सेकंदच मिळतात. 30 जून 1956 रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर नियंत्रणाबाहेरच्या क्षेत्रात दोन प्रवासी विमाने ‘पाहा आणि टाळा’ याच तत्त्वावर उडत असताना एकमेकांवर आदळली आणि 128 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथे नियंत्रित क्षेत्र वाढवण्याची मागणी जोर धरू लागली आणि 1958 साली विमान वाहतुकीचा नवा कायदा झाला.

उंचीचा हिशेब

अंतर राखण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे उंची, कारण ती प्रत्येक विमानात मोजता येते. दोन विमानांमध्ये सर्वसाधारणपणे 1,000 फुटांचे उभे अंतर ठेवले जाते. अतिउंचीवर पूर्वी ते 2,000 फूट होते, पण उपकरणे अचूक झाल्यावर 29,000 ते 41,000 फुटांच्या पट्ट्यातही ते 1,000 फुटांवर आणले गेले. भारतात हा बदल 27 नोव्हेंबर 2003 रोजी लागू झाला. दिशेनुसार पातळ्याही वाटून दिलेल्या आहेत: चुंबकीय शून्य ते 179 अंशांच्या दिशेने, म्हणजे ढोबळमानाने पूर्वेकडे, जाणाऱ्यांना विषम हजार आणि उरलेल्या अर्ध्या वर्तुळाकडे जाणाऱ्यांना सम हजार. त्यामुळे मुंबईहून नागपूरला जाणारे विमान 33,000 किंवा 35,000 फुटांवर असेल, तर परतीचे 34,000 किंवा 36,000 फुटांवर मिळेल.

विमानातील उंचीमापक मात्र प्रत्यक्षात हवेचा दाब मोजतो. समुद्रसपाटीजवळ दाब एक हेक्टोपास्कलने बदलला, की उंचीत सुमारे 30 फुटांचा फरक पडतो. मानक दाब 1013.25 हेक्टोपास्कल मानला आहे. पावसाळ्यात मुंबईचा दाब 1003 पर्यंत उतरला असताना उंचीमापक मानक दाबावरच ठेवला, तर तो खऱ्यापेक्षा सुमारे 300 फूट जास्त उंची दाखवील आणि उतरणारे विमान समजुतीपेक्षा जमिनीच्या तेवढे जवळ असेल. म्हणून विमानतळाजवळ स्थानिक दाब लावतात, त्याला ‘क्यूएनएच’ म्हणतात. ठरलेल्या उंचीच्या वर गेल्यावर सर्व विमाने मानक दाब लावतात आणि तेथून उंचीला फ्लाइट लेव्हल म्हटले जाते. वर सर्वांचे माप एकच असल्यामुळे खरी उंची थोडी वेगळी असली, तरी विमानांमधील परस्पर अंतर कायम राहते.

चरखी दादरीचा धडा

12 नोव्हेंबर 1996 च्या संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीजवळ दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग 747 आणि दिल्लीत उतरण्यासाठी येत असलेले कझाकस्तानचे इल्युशिन 76 यांची हवेत टक्कर झाली. दोन्ही विमानांतील सर्व 349 जण मृत्युमुखी पडले. हवेत झालेल्या टकरींपैकी सर्वाधिक बळी घेणारी ही घटना होय. नियंत्रकाने सौदी विमानाला 14,000 फुटांवर आणि कझाक विमानाला 15,000 फुटांवर राहण्यास सांगितले होते, म्हणजे नियमानुसार अंतर दिलेले होते आणि समोरून विमान येत असल्याची सूचनाही दिलेली होती.

न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमान नेमून दिलेल्या पातळीच्या खाली आल्याचे निष्पन्न झाले. त्या विमानात रेडिओवर बोलणारा कर्मचारी वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे होते, इंग्रजीच्या आकलनात अडचण होती आणि नियंत्रकाला काय सांगितले जात आहे व विमान प्रत्यक्षात काय करत आहे यांचा मेळ तुटला. जमिनीवरही उणिवा होत्या: लष्करी वापरामुळे येणाऱ्या आणि जाणाऱ्या नागरी विमानांना एकाच मार्गिकेतून जावे लागत होते आणि नियंत्रकाच्या रडारवर विमानाचे स्थान दिसत असले तरी उंची दिसत नव्हती. त्यानंतर येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे करण्यात आले, विमानाच्या ट्रान्सपाँडरकडून उंची मिळवणारे दुय्यम रडार वापरात आले आणि टक्करप्रतिबंधक यंत्रणा भारतात सक्तीची झाली. चारअंकी संकेत पाठवणारा हा ट्रान्सपाँडर संकटातही बोलतो: 7700 म्हणजे आणीबाणी, 7600 म्हणजे रेडिओ बंद आणि 7500 म्हणजे विमान अपहरण.

शब्दांची शिस्त

जबाबदारीची वाटणी अखेरीस रेडिओवरील काही सेकंदांच्या बोलण्यावर टिकून असते. पातळी, दिशा, धावपट्टी, दाबाचे माप आणि परवानगी यांबाबतचे शब्द वैमानिकाने जसेच्या तसे परत म्हणून दाखवावे लागतात आणि नियंत्रकाने ते कान देऊन ऐकून चूक असल्यास तेथेच सुधारावे लागतात. ‘रॉजर’ या उत्तरातून संदेश पोहोचला एवढेच कळते. त्यामुळे जेथे शब्द परत म्हणणे आवश्यक आहे तेथे ते चालत नाही. 27 मार्च 1977 रोजी कॅनरी बेटांतील तेनेरीफ येथे दाट धुक्यात, परवानगी मिळाल्याच्या समजुतीने एक जम्बो जेट धावपट्टीवर धावू लागले आणि दुसऱ्यावर आदळले. 583 जणांचा बळी गेला. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा आणि इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक पडला. मार्च 2008 पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांतील वैमानिक आणि नियंत्रक या दोघांनाही भाषेच्या सहा पायऱ्यांपैकी किमान चौथी पायरी गाठणे आवश्यक झाले आहे.

दोन अधिकारी स्रोत परस्परविरोधी सूचना देत असतील तेव्हा कोणाचे ऐकायचे, हा प्रश्नही एका भीषण अपघाताने ऐरणीवर आणला. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेनवर एका रशियन विमानाच्या वैमानिकांना नियंत्रकाने खाली उतरण्यास सांगितले, तर विमानातील टक्करप्रतिबंधक यंत्रणेने वर चढण्यास सांगितले. ते उतरले, समोरच्या मालवाहू विमानाची यंत्रणाही त्याला उतरवत होती आणि 71 जणांचा मृत्यू झाला. आता नियम स्पष्ट आहे: यंत्रणेने बचावाची सूचना दिली, की वैमानिकाने ती पाळायची, नियंत्रकाला कळवायचे आणि तेवढ्या काळापुरती अंतराची जबाबदारी नियंत्रकाकडून निघून जाते.

खालच्या आकाशातील नवे भागीदार

हा प्रश्न आता परवानाधारक वैमानिकांपुरता उरलेला नाही, कारण शेतात फवारणी करणारे आणि लग्नसमारंभ टिपणारे ड्रोनही त्याच आकाशात आले आहेत. ऑगस्ट 2021 मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग केले. हिरव्या विभागात 400 फुटांपर्यंत, तर विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत उड्डाणासाठी परवानगी लागत नाही. पिवळ्या विभागात ती हवाई वाहतूक नियंत्रणाकडून घ्यावी लागते आणि लाल विभागात केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय उडवता येत नाही. ड्रोनला समोरून येणारे हेलिकॉप्टर दिसत नाही आणि हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला ड्रोन सहसा वेळेत दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांवर सोपवलेली जबाबदारी येथे चालत नाही आणि उंचीची मर्यादा पाळणे हाच एकमेव आधार ठरतो.

धुळे किंवा गोंदिया येथे उड्डाण शिकणारा विद्यार्थी, प्रयागराजच्या प्रशिक्षण महाविद्यालयात तयार होणारा नियंत्रक आणि ड्रोन हाताळणारा तरुण हे तिघेही या एकाच व्यवस्थेचे भाग आहेत. आपण कोणत्या वर्गाच्या क्षेत्रात आहोत, येथे आपल्याला कोणापासून वेगळे ठेवले जात आहे आणि कोणाला आपणच शोधून टाळायचे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक उड्डाणापूर्वी आणि क्षेत्र बदलताना नव्याने स्पष्ट असणे ही शिक्षणाची खरी कसोटी मानली पाहिजे. वर उल्लेखिलेल्या अपघातांमागे यंत्रांच्या उणिवा होत्या आणि त्या बऱ्याच अंशी भरून निघाल्या. परंतु काळजी दुसरा घेत आहे हा गैरसमज कोणतेही यंत्र पूर्णपणे दूर करू शकत नाही, तो अभ्यासानेच दूर करावा लागतो आणि म्हणून या विषयाचा पाया परीक्षेपुरता न शिकता आयुष्यभरासाठी पक्का करणे अगत्याचे आहे.